नांगर टाकल्यावर कोणती व्हिस्की?

घरात आवडलेली व्हिस्की शिडाच्या बोटीवर तशीच लागेल, या भरवशावर राहू नका. व्हिस्कीची निम्मी मजा वासात असते आणि कॉकपिटमधला वारा नेमका तोच पळवतो. बर्फ बहुधा संपलेला असतो, टाकीतल्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास असतो आणि केबिनला डिझेलचा. म्हणून बाटलीचं वय आणि प्रतिष्ठा बाजूला ठेवून दोनच गोष्टी बघाव्यात: चव वाऱ्यात टिकते का, आणि बर्फाशिवाय पिववते का. पिणं अर्थात बोट नांगरावर स्थिर झाल्यानंतरच. रात्रीच्या पहाऱ्यावर जो असेल, त्याने पेल्याला हात लावू नये.

माझा पहिला कौल टॅलिस्कर १० वर्षे हिला. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर, लॉख हारपोर्ट या खाडीच्या काठावर ही भट्टी १८३० मध्ये सुरू झाली. मद्यार्क ४५.८ टक्के, म्हणजे थोडं पाणी घातलं तरी चव पातळ पडत नाही. चवीत धूर आहे, पण अंगावर येणारा नाही. खरी गंमत शेवटी घशाशी उठणाऱ्या काळ्या मिरीच्या चुरचुरीत आहे. ती नाकावर अवलंबून नाही, त्यामुळे उघड्या डेकवरही पुरेपूर कळते.

लागाव्हुलिन १६ वर्षे ही तिच्याहून खोल आणि गोडसर. पीटचा (धान्य वाळवताना जाळतात त्या दलदलीतल्या मातीचा) दाट धूर वाऱ्यालाही पुरून उरतो, पण त्याच्यामागचे बारकावे हरवतात. ही केबिनमध्ये, झडप बंद करून, सावकाश प्यायची. लाफ्रॉइग १० वर्षे डिझेलच्या वासाला सहज दाबते. मात्र तिचा आयोडीनसारखा वास म्हणजे काहींना थेट दवाखान्याची पट्टी. सोबत्यांना विचारल्याशिवाय तीच एकुलती बाटली म्हणून चढवू नका.

या सगळ्यांच्या जाहिरातींत समुद्राची खारी हवा पिंपात मुरल्याचं वर्णन असतं. ते मी फारसं मनावर घेत नाही. टॅलिस्करचा बराच माल मुख्य भूमीवरच्या गोदामांत मुरतो, तरीही ती खारटच लागते.

धूर नको असेल तर निवड ओल्ड पुल्टनी १२ वर्षे आणि बुनाहाव्हन १२ वर्षे यांच्यात. पहिली १८२६ पासून विक या बंदरात बनते. हे एकेकाळी हेरिंग मासेमारीचं मोठं केंद्र होतं, त्यामुळे दर्यावर्दी लोकांचा तिच्यावर लोभ असणं साहजिक आहे. चवीला स्वच्छ, किंचित खारट, पण ४० टक्क्यांची आणि नाजूक. वारा पडलेल्या संध्याकाळीच ती खुलते. बुनाहाव्हन आयला बेटावरची असून या बाटलीत पीटचा धूर जवळपास नाही. ४६.३ टक्के, सुकामेवा आणि शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा गोडवा. लेबलवर सुकाणू धरलेला खलाशी आहे, पण मी तिच्या बाजूने आहे तो तिच्या अंगच्या दमामुळे.

पाहुणे पाचसहा असतील आणि निम्म्यांना व्हिस्कीचा सराव नसेल, तर सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच भट्टीतल्या, फक्त मोड आणलेल्या जवाच्या व्हिस्कीचा हट्ट सोडा. १८६९ मध्ये पाण्यात उतरलेल्या जहाजाचं नाव घेऊन १९२३ मध्ये आलेली कटी सार्क हलकी आहे, सोड्यात छान जमते, आणि लाटेने बाटली फुटली तर कुणी हळहळत नाही. तीनदा ऊर्ध्वपातन केलेली आयरिश जेमसन त्याहून मऊ; नवख्याच्या हाती मी तीच देईन.

जेफरसन्स ओशन या बर्बनची (मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीची) पिंपं जहाजावरून खरोखर समुद्रप्रवास करून येतात. व्हॅनिला आणि कॅरमेलचा गोडवा उबदार रात्री बर्फाशिवायही चालतो. पण तुम्ही बऱ्याच अंशी गोष्टीचे पैसे मोजता, हे धरून घ्या.

कुठलीही घेतलीत तरी बुचाची बाटली आडवी ठेवू नका. मद्यार्काने बूच खराब होऊन तुकडे पेल्यात येतात. फिरकीच्या झाकणाची बाटली बोटीवर केव्हाही सोयीची. जाड मोज्यात घालून, बोटीच्या मध्यभागी, उन्हापासून दूर उभी खोचा. पिण्याचं पाणी मात्र वेगळ्या बाटलीतून न्या, टाकीतलं नको.