जर्सीवर नाव छापण्याआधी दहा वेळा विचार करा: मिलवॉकीचं अमेरिकन फॅमिली फील्ड

पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा मैदानाच्या खात्यावर नाही, बेसबॉलच्या हिशेबावर आहे, त्याबद्दल पुढे.

मी सोलापूरचा, अमेरिकेतल्या मिलवॉकीत अकरावं वर्ष. सुरुवातीला बेसबॉल म्हणजे भाजी निवडताना टीव्हीवर काहीतरी चालू असावं म्हणून लावायची गोष्ट होती. मग लेकीने शाळेतून वेड आणलं. आता वर्षाला दहा-बारा मॅच होतात.

खरी मजा पार्किंगमध्येच सुरू होते. मॅचच्या दोन-अडीच तास आधी जायचं, डिकी उघडायची, शेगडी पेटवायची. आजूबाजूला सगळे ब्रॅटवर्स्ट नावाचे सॉसेज भाजत असतात, आम्ही पावभाजी करतो. भाजी घरूनच शिजवून न्यायची, तिथे तव्यावर बटर टाकून फक्त रगडायची. जूनमध्ये शेजारच्या गाडीतले एक आजोबा वासावर आले, एक प्लेट घेऊन गेले आणि बदल्यात कांद्यात लोळवलेले दोन सॉसेज आमच्या तव्याच्या कडेला ठेवून गेले. पार्किंगचा पास मात्र आधीच ऑनलाइन काढून ठेवा.

मैदान २००१ चं. तेव्हा नाव मिलर पार्क होतं, २०२१ ला बदललं. छप्पर पंख्यासारखं उघडतं-मिटतं. एप्रिलमध्ये बाहेर बर्फ भुरभुरत असतो आणि आत लोक जॅकेट मांडीवर घेऊन बसलेले असतात. तिकिटं वरच्या मजल्यावरची, होम प्लेटच्या (जिथे बॅटर उभा राहतो) मागची घ्या. स्वस्त असतात आणि पिचरचा चेंडू कसा वळतो ते तिथून नीट दिसतं. पुनर्विक्रीच्या साइटवर मे २०२५ पर्यंत वरचं शुल्क शेवटच्या पानावरच कळायचं. तेव्हा एका साइटवर माझं २२ डॉलरचं तिकीट ३४ ला पडलं होतं.

अगदी शेवटच्या रांगेत बॉब यूकर यांचा पुतळा प्रेक्षकासारखा बसलाय, शेजारची खुर्ची फोटोसाठी रिकामी. १९७१ पासून ते रेडिओवर इथल्या टीमचं, ब्रूअर्सचं समालोचन करायचे. जानेवारी २०२५ मध्ये गेले. माझे वडील क्रिकेट समालोचक बाळ ज. पंडितांबद्दल ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात इथले म्हातारे यूकरबद्दल बोलतात.

सहाव्या इनिंगच्या मध्ये सॉसेजची शर्यत. माणसाहून उंच पाच सॉसेज धावतात: ब्रॅटवर्स्ट, पोलिश, इटालियन, हॉट डॉग आणि चोरिझो. बायको म्हापशाची, चोरीसवर वाढलेली, त्यामुळे घराचं मत ठरलेलं.

आता टीम. मेजर लीग म्हणजे इथली बेसबॉलची अव्वल लीग, त्यातली सगळ्यात छोटी बाजारपेठ मिलवॉकीची. आयपीएलमध्ये लिलावाला सगळ्यांची थैली सारखी, २०२५ साठी १२० कोटी. इथे तशी मर्यादाच नाही. ठरावीक आकड्यापुढे खर्च केला तर कर भरायचा, आणि ज्यांच्याकडे आहे ते भरतात. लॉस एंजलिसच्या डॉजर्सचा स्थानिक टीव्हीचा करारच २५ वर्षांचा, ८.३५ अब्ज डॉलरचा. त्यांनी ओहतानी या एका खेळाडूला ७० कोटी डॉलर कबूल केले, यामामोतोला साडेबत्तीस. ब्रूअर्सचा पगारखर्च त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात.

तरीही २०२५ मध्ये ब्रूअर्सनी ९७ मॅच जिंकल्या, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. डॉजर्सना साखळीत सहापैकी सहा वेळा हरवलं. ऑगस्टमध्ये सलग १४ जिंकल्या. सलग १२ झाल्या की इथली जॉर्ज वेब नावाची खाणावळींची साखळी गावाला फुकट बर्गर वाटते. याआधी ती वेळ १९८७ आणि २०१८ ला आली होती. आम्हीही रांगेत उभे राहिलो. आणि सोतो या एका खेळाडूला ७६.५ कोटी डॉलर देणारे न्यूयॉर्कचे मेट्स त्या वर्षी प्लेऑफलासुद्धा पोचले नाहीत.

हे जमतं कसं? खेळाडूला हव्या त्या टीमशी करार करायला मोकळं व्हायला सहा वर्षं मेजर लीगमध्ये काढावी लागतात, तोवर तो स्वस्त असतो. ब्रूअर्स त्याला महाग व्हायच्या आत विकतात आणि बदल्यात दोन-तीन न पिकलेले घेतात. हेडर असाच गेला, बर्न्स गेला, विल्यम्स गेला. पिचर विल्यम्सच्या चेंडूवर ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्सच्या अलोन्सोने नवव्या इनिंगमध्ये तीन रनांचा होमरन मारला आणि आमचा मोसम संपला. आम्ही त्या रात्री वरच होतो. जिन्यावरून हजारो माणसं उतरत होती आणि आवाज फक्त चपला-बुटांचा. डिसेंबरात तो यांकीजकडे गेला, आणि त्याच्या बदल्यात आलेला बुटका डर्बिन पुढच्या वर्षी तिसऱ्या बेसवर चिकटून उभा राहिला. १६२ मॅचच्या मोसमात हा व्यवहार फायद्याचा ठरतो. रोज थोडंथोडं बरं खेळणारे सव्वीस जण पुरतात.

ऑक्टोबरात, प्लेऑफमध्ये, पुरत नाहीत. तेव्हा डॉजर्सना चारच पिचर लागतात आणि त्यांचे चारही भारी. २०२५ ला त्यांच्याशीच गाठ पडली. पहिल्या मॅचला त्यांच्या स्नेलने आठ इनिंगमध्ये एकच हिट दिली. दुसरीत यामामोतोने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. चौथीत ओहतानीने दहा जणांना स्ट्राइकआउट करून वर तीन होमरन मारले. चार मॅच, आमचे रन चार, प्रत्येकीत एक. ज्यांना साखळीत सहा वेळा हरवलं त्यांच्याकडूनच. ब्रूअर्स वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम फेरीला, एकदाच पोचले, १९८२ ला, आणि सातव्या मॅचला हरले. तेव्हा छोटी टीम टक्कर देऊ शकते का, असं कुणी विचारलं तर मी म्हणतो, सप्टेंबरअखेरपर्यंत मजेत.

राहिला तो अर्धा गुण. २०२३ च्या नाताळात लेकीला जर्सी घेतली, दीडशे डॉलरच्या आसपास, पाठीवर बर्न्स, ३९. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला बर्न्स बॉल्टिमोरला. पोरगी दोन दिवस जेवताना बोलली नाही. जर्सी अजून कपाटात आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही.

यंदा परत दुकानात गेलो. मी म्हटलं, नुसती कोरी घे. ती सगळे हँगर चाळत बसली आणि शेवटी यौंट, १९ काढून लावली अंगाला. रॉबिन यौंट १९७४ ते १९९३, वीसच्या वीस मोसम मिलवॉकीतच खेळला. तिच्या जन्माच्या वीस वर्षं आधी निवृत्त झालेला माणूस. मी विचारलं, हाच का गं?

"बाबा, याला आता कोण विकणार?"