लेझर स्पीड लाइट आइस स्क्रू : थंडीत उत्तम, उन्हात जपून

पेट्झल कंपनीचा लेझर स्पीड लाइट हा बाजारातल्या सर्वांत हलक्या आइस स्क्रूंपैकी, म्हणजे चढताना बर्फात पिळून दोर अडकवायच्या पोकळ स्क्रूंपैकी एक. नळी अ‍ॅल्युमिनियमची, टोकाचे दात पोलादाचे, हॅन्गरवर (दोर अडकवायच्या पट्टीवर) घडी होणारा हँडल. 13, 17 आणि 21 सेंमी अशा लांबीत मिळतो. 17 सेंमीचा स्क्रू साधारण 100 ग्रॅम भरतो, तेवढाच पोलादी स्क्रू त्याच्या जवळपास दीडपट. बारा स्क्रूंच्या संचात अर्धा किलो सहज वाचतो आणि लांब चढाईत शेवटच्या पिचवर (पिच म्हणजे एका दोराच्या लांबीत बसणारा टप्पा) हे कमरेला नक्की जाणवतं.

कडक थंडीतल्या, सावलीतल्या बर्फात हा स्क्रू फार सुरेख लागतो. वरचा पांढरा, पोकळ थर आइस अ‍ॅक्सने खरवडून काढायचा आणि फुगवट्याऐवजी किंचित खोलगट जागा निवडायची, कारण फुगवट्यावरचा बर्फ ताटासारखा फुटून निघतो. दात टेकवून हाताने दाबत दोन-तीन अर्धे फेरे दिले की पकड येते. मग हँडल उघडून हॅन्गर बर्फाला टेकेपर्यंत फिरवत जायचं. एका हाताने कुऱ्हाडीला लटकलेल्या माणसाला हे किती मोलाचं आहे, ते लीड करणाऱ्यांना, म्हणजे दोर घेऊन पुढे चढणाऱ्यांना, वेगळं सांगायला नको.

अडचण सुरू होते ती ऊन आल्यावर. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा निदान तिपटीने उष्णता वाहून नेतं. हॅन्गर तापला की ती उष्णता नळीतून आत जाते, आट्यांभोवतीचा बर्फ वितळतो आणि स्क्रू सैल होतो. पोलादी स्क्रूही असाच सुटतो, पण सावकाश. आइस स्क्रूसाठीच्या EN 568 या युरोपीय मानकातली 10 किलोन्यूटनची (सुमारे एक टन भार पेलण्याची) अट स्क्रूची ताकद सांगते, तुमच्या समोरच्या बर्फाची नाही.

पूर्वी ही मोसमाच्या शेवटची काळजी असायची, आता ती भर मोसमातही करावी लागते. आल्प्समधल्या माँ ब्लाँ परिसरातल्या चढाईच्या 95 जुन्या मार्गांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 93 मार्गांवर हवामानबदलाचा परिणाम दिसला, 26 मार्ग फार बदलले आणि 3 तर उरलेच नाहीत. चढाईला योग्य काळही उन्हाळ्यातून वसंत आणि शरद ऋतूकडे सरकतो आहे. म्हणजे बर्फ वितळणं आणि पुन्हा गोठणं यांच्या मधल्या दिवसांत चढण्याची वेळ जास्त येणार, आणि या स्क्रूचा कमकुवतपणा नेमका तिथेच आहे.

म्हणून अंदाज बघताना नुसतं तापमान बघून भागत नाही, रात्रीचं आकाशही बघा. निरभ्र रात्री हवा शून्याच्या किंचित वर असली तरी बर्फाचा पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकून गोठू शकतो. ढगाळ रात्री तसं होत नाही आणि सकाळी बर्फ भिजलेलाच सापडतो. उलट, ऊबदार दिवसांनंतर पारा एकदम घसरला तर बर्फाच्या उभ्या खांबांपासून लांब राहा. 20 मीटरचा खांब 10 अंशांनी थंड झाला तर तो सुमारे एक सेंटीमीटर आकसू पाहतो. वर आणि खाली घट्ट चिकटलेला असेल तर हा ताण निघायला जागाच नसते आणि खांब तुटतो. तिथे कोणताही स्क्रू कामाचा नाही.

स्क्रूचा कोनही बर्फ बघून बदलावा. घट्ट बर्फात हॅन्गर टोकापेक्षा दहा-पंधरा अंश खाली ठेवला तर आट्या भार घेतात. वितळत्या बर्फात मात्र आट्यांवर विसंबू नये. तिथे स्क्रू काटकोनात किंवा हॅन्गर किंचित वर ठेवून लावावा आणि लांब स्क्रू वापरावा, कारण आतला बर्फ थंड असतो. बिलेवर (जिथे थांबून जोडीदाराचा दोर सांभाळतात तिथे) हॅन्गर बर्फाच्या चुऱ्याने झाकून टाका आणि अधूनमधून हात लावून बघा. हलत असेल तर त्याच भोकात पुन्हा पिळू नका, नवीन जागा घ्या.

स्क्रू लावताना नळीत शिरलेला बर्फ अडकण्याचा त्रास या नळीत पोलादीपेक्षा जास्त होतो. उन्हात ओली झालेली नळी सावलीत गेली की आतला बर्फ भिंतीला चिकटून गोठतो आणि पुढच्या वेळी स्क्रू आत जायलाच तयार नसतो. म्हणून स्क्रू काढल्याबरोबर झटकून नळी रिकामी करा. तरीही निघाला नाही तर जॅकेटच्या आत ठेवून ऊब द्या. खडकावर आपटणं किंवा आत धातूची सळी खुपसणं अगदी टाळा. मऊ नळीला पोचा किंवा ओरखडा पडला की बर्फ दर वेळी तिथेच अडकतो. घरी आल्यावर टोपणं काढून स्क्रू वाळवा आणि दातांना तेलाचा हलका हात द्या. दात बोथट झाले तर बारीक कानशीने मूळ कोन राखून धार करा, ग्राइंडर नको.

आमची शिफारस पूर्ण संच अ‍ॅल्युमिनियमचा घेण्याची नाही. बारापैकी आठ हे घ्या आणि चार पोलादी ठेवा. ते चार बिलेला आणि उन्हातल्या पिचला लावा. हलक्यांपैकी एक 21 सेंमीचा असू द्या, अबालाकोव्ह धाग्यासाठी (बर्फात आत मिळणारी दोन भोकं पाडून, त्यांतून दोरी ओवून केलेला उतरण्याचा आधार) तो लागतोच. दोन भोकं 15 ते 20 सेंमी अंतरावर, एकमेकांकडे साधारण 60 अंशांत वळलेली, आणि आतून किमान 7 मिमी दोरी. बर्फ भिजलेला असेल तर अंतर आणखी वाढवा आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत वर एक पोलादी स्क्रू आधाराला, भार न घेता, जोडून ठेवा.