पाय भरून आल्यावर शॉकवेव्ह की मसाज गन?

लांबची दौड असो की स्क्वॉट्सचा दिवस, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या धरून येतात आणि हा प्रश्न पडतो. फिजिओकडे जाऊन शॉकवेव्ह (दुखऱ्या जागी मशीनने दाबलहरींचे धक्के देण्याचा उपचार) घ्यावी, की घरात मसाज गन (हातात धरून स्नायूंवर ठोके देणारं छोटं यंत्र) आणून ठेवावी? मी दोन्ही पुरेसे दिवस वापरून पाहिलं आहे. प्रत्येकाचं शरीर वेगळं, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशेबानेच वाचा.

शॉकवेव्हचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून आधी तिच्याबद्दल. मूत्रपिंडातले खडे फोडायला हे तंत्र १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं आणि तिथून ते टाच, खांदा, कोपर अशा दुखण्यांपर्यंत आलं. माझी टाच कित्येक महिने दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की कळ थेट पोटरीत जायची. आठवड्याला एक अशी चार सेशन्स झाल्यावर ती हळूहळू ओसरली. त्यामुळे ‘शॉकवेव्ह म्हणजे नुसतं फॅड’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

टाच बरी झाली तेव्हा वाटलं, हेच थकलेल्या पायांनाही का लावू नये? फिजिओकडे बहुतेक वेळा रेडियल मशीन असतं. हवेच्या दाबाने आतला छोटा दट्ट्या पुढे आपटतो, धक्का कातडीपाशी सर्वात जोराचा असतो आणि आत जाता जाता विरतो. पोटरीवर गार जेल, मग सेकंदाला दहाच्या आसपास टकटक. दोन हजार ठोके तीन-चार मिनिटांत संपतात. मांसल भागावर ते सहन होतं, नडगीच्या कडेला आलं की दात आवळले जातात. उठल्यावर पाय हलके वाटतात, हे मी नाकारणार नाही.

पण माझं गाडं अडलं ते पुढच्या सूचनेवर. दोन दिवस जोराचा व्यायाम नाही, आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्याही शक्यतो नाहीत. टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, जुन्या दुखण्यात हे अगदी रास्त आहे, कारण तिथे शरीराला मुद्दाम डिवचून दुरुस्तीला लावायचं असतं. थकव्याचं गणित मात्र निराळं. आपण ‘अंग आंबलं’ म्हणतो, पण त्याचा दोष लॅक्टिक अ‍ॅसिडवर टाकण्यात अर्थ नाही; ते साधारण तासाभरात निवळतं. हे दुखणं येतं ते, विशेषतः उतारावर धावताना किंवा वजन खाली आणताना, ताणाखाली लांबत जाणाऱ्या स्नायूंना होणाऱ्या सूक्ष्म इजेतून. ते २४ ते ७२ तासांत कळसाला पोचतं आणि मग आपलं आपण उतरतं.

माझ्या बाबतीत काय झालं सांगतो. रविवारी २१ किलोमीटर धावलो. सोमवारी रात्री पोटऱ्या दगड झाल्या होत्या. फिजिओची वेळ मिळाली बुधवारी संध्याकाळची, आणि तोवर मी बऱ्यापैकी चालत होतो. सेशननंतर शुक्रवार संध्याकाळपर्यंत धावायचं नाही असं ठरलं, म्हणजे गुरुवारचा सराव बुडाला. शुक्रवारी पाय मोकळे होते खरे, पण ते मशीनमुळे की पाच दिवस उलटले म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. असं तीनदा झाल्यावर मी थकव्यासाठी शॉकवेव्ह सोडली. टाच, खांद्यातले कॅल्शियमचे साठे, टेनिस एल्बो (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) यांवर तिचा भरपूर अभ्यास झाला आहे. व्यायामानंतरच्या अंगदुखीवर त्या मानाने तुटपुंजा आहे.

मसाज गनही काही जादू करत नाही. तिने स्नायू लवकर बरा होतो असा माझा दावा नाही. मांडीच्या मागच्या बाजूला हात नीट पोचत नाही, आणि आराम काही तासच टिकतो. पण दुखतं त्या क्षणी ती हाताशी असते, ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या सरावावर बंधन येत नाही. हाडावर, गळ्याच्या पुढच्या बाजूला ती लावू नका आणि एका जागी दाबून धरू नका, एवढं पथ्य पुरतं.

बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी महिनोन्‌महिने दुखत असेल, तर गन बाजूला ठेवा आणि फिजिओकडे जा. तिथे शॉकवेव्हची बाजू वरचढ आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर दोन्हींबाबत आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी सुजून गरम लागली किंवा जबर व्यायामानंतर लघवी काळपट झाली, तर यांतलं काहीच न करता तडक डॉक्टर गाठा.

हल्ली दौडीच्या दुसऱ्या रात्री मी भिंतीला पाठ टेकून बसतो, गुडघा दुमडतो आणि गन सर्वात कमी वेगावर ठेवून घोट्याच्या वरून गुडघ्याखालपर्यंत सावकाश नेतो. मधे गाठ लागते तिथे जरा रेंगाळायचं, की दोन-चार श्वासांत ती सैल पडते. प्रत्येक पोटरीला दोन मिनिटं. सकाळी कठडा न धरता जिना उतरता येतो.