काचेवरचा ओरखडा: पॉलिश करावा की काचच बदलावी?

दिवाळीच्या साफसफाईत खिडकी लख्ख होते आणि मगच तिच्यावरचे चरे नजरेत भरतात. पण आधी तो चराच आहे ना, हे पाहून घ्या. बोअरच्या पाण्याचे क्षार काचेवर धरले की दुरून ओरखड्यांसारखेच दिसतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं थोडा वेळ लावून ठेवलं की ते बहुतेक वेळा सुटतात. टूथपेस्टने चरे जातात ही समजूत अशाच डागांमुळे रुजली असावी. पेस्टमधली खडूसारखी भुकटी काचेपेक्षा मऊ असते, त्यामुळे ती मळ काढते, पण काच झिजवत नाही. खऱ्या चऱ्यासाठी तिच्यात वेळ घालवू नका.

आता चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिश, अडकलं तर नवी काच, असा माझा साधा हिशेब आहे.

पॉलिशसाठी सिरियम ऑक्साइडची पूड लागते. ती पाण्यात दाटसर कालवून नमद्याच्या पॅडने, ड्रिल कमी वेगावर ठेवून फिरवायची. ही पूड नुसती घासत नाही; पाण्याच्या सोबतीने काचेच्या पृष्ठभागाशी तिची रासायनिक क्रियाही होते, म्हणून काच पुन्हा नितळ होते. काम चिकाटीचं आहे. पॅड कोरडा पडू द्यायचा नाही आणि काच हाताला गरम लागली की थांबायचं, कारण एकाच जागी तापलेली काच तडकते. खोल चरा याच पद्धतीने घालवायला गेलात तर तिथे खळगा पडतो आणि खिडकीतून समोरची इमारत लहरल्यासारखी दिसते. आरशात तर एवढ्याशा खळग्याने चेहरा वाकडा दिसतो. आरशाच्या मागचा मुलामा खरवडला गेला असेल तर पुढून कितीही घासा, फरक पडणार नाही.

टेबलावरच्या काचेला मात्र थोडी सूट आहे. तिच्या आरपार दूरचं काही पाहायचं नसतं, त्यामुळे किंचित लहर खपून जाते. जाड काच महाग पडते, म्हणून इथे पॉलिशवाल्याला बोलावणं परवडू शकतं.

गाडीच्या काचेसाठी मिळणारं पारदर्शक रेझिन दगडाने उडालेल्या टवक्यासाठी चांगलं. घरातल्या लांब चऱ्यात ते भरलं तर कडा दिसतात आणि काच पूर्ववत होत नाही. बाथरूमच्या साध्या खिडकीला तर फ्रॉस्टेड फिल्म लावून मोकळं व्हावं. चरा झाकला जातो आणि आडोसाही होतो.

गॅसच्या शेगडीची काच आणि शॉवरचं दार यांच्याबाबत मी कडक आहे. ही काच टफन्ड असते, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली. तिची ताकद पृष्ठभागावरच्या दाबाच्या थरात असते. खोल चऱ्याने तो थर कमकुवत होतो आणि घासून तो आणखी पातळ करण्यात शहाणपण नाही. नख अडकत असेल तर खर्चाकडे न पाहता ती बदलाच.

साधी काच काचवाला दुकानातच मापाने कापून देतो. टफन्ड काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही की तिला भोक पाडता येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच जाडी, बिजागरीची भोकं आणि हँडलची जागा कागदावर लिहून द्या.