पेसाखचा घरपोच डबा, ठाणे: शिरा एक नंबर, शरबत अपुरं आणि गोष्ट अर्धीच

टेंभी नाका, चरई, उथळसर या पट्ट्यात आपली जी काही बेने इस्रायल (मराठी ज्यू) घरं उरलीत त्यांच्यासाठी लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. चरईतल्या एक काकू घरून ऑर्डरी घेतात, मलिद्याचं (नवसाच्या गोड पोह्यांचं) ताट वगैरे त्यांचं नेहमीचंच, पण यंदा त्यांनी पेसाखच्या सेदेरचा, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून आपले लोक सुटले त्या सणाच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाचा, अख्खा डबा सुरू केला. काकूंचं नाव टाकत नाही कारण खाली थोडं वाकडं पण लिहिलंय, आणि ठाण्यात आपण आहोत तरी किती, सगळे सगळ्यांना ओळखतात.

मी ऑर्डर का दिली तर यंदा पेसाख बसला १ एप्रिलच्या संध्याकाळी. मी अकाउंट्सला आहे, ३१ मार्च म्हणजे काय ते अकाउंट्सवाल्यालाच विचारा. घरातला सगळा खमिराचा (फुगवलेल्या पिठाचा, पेसाखात चालत नाही तो) माल बाहेर काढायचा, कपाटं पुसायची, वेगळी भांडी काढायची, आणि त्यात ऑफिसचं क्लोजिंग. सासूबाईंना म्हटलं या वर्षी डबा मागवू. त्या काही बोलल्या नाहीत, पण चेहरा बघण्यासारखा होता.

चार माणसांचे २२०० रुपये. सोबत खणाखणाचं स्टीलचं ताट येतं, त्याचं ३०० डिपॉझिट, ताट परत दिलं की पैसे परत. ताटात भाजलेली मटणाची नळी, अंडं, सेलरीच्या काड्या, मिठाच्या पाण्याची डबी, मारोर (सेदेरची कडू भाजी) म्हणून लेट्यूस आणि खजुराचा शिरा. वेगळ्या डब्यात हिरव्या मसाल्याचं मटण नारळाच्या दुधातलं, आणि भात. मटण कोशर (आपल्या धर्मनियमांत बसणारं) आहे, मी खोदून खोदून विचारून घेतलं. मात्झा (बिनखमिराची रोटी) मात्र काकू देत नाहीत, तो आपापला घ्यायचा, आणि मला ते बरोबर वाटलं. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून झाला पाहिजे हा नियम, घरच्या गॅसवर इतक्या ऑर्डरींना तो कसा काय पाळणार, त्यापेक्षा नाही म्हणालेलं बरं.

आता शिरा. रव्याचा नव्हे हो, खजूर शिजवून फडक्यातून गाळून परत आटवलेला, जे कोणी पहिल्यांदा ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतेय. हा मिसरमधल्या विटांचा चिखल म्हणून ठेवतात. फारोने, म्हणजे मिसरच्या राजाने, आपल्या लोकांकडून पिथोम आणि रामसेस ही कोठारांची शहरं बांधून घेतली, आणि देवाने पाठवलेल्या मोशेने लोकांना सोड म्हटल्यावर सोडायचं राहिलं बाजूला, विटांत घालायचा पेंढासुद्धा देणं बंद केलं, स्वतः गोळा करा आणि विटांचा आकडा मात्र तेवढाच पाहिजे. (टार्गेट तेच, रिसोर्स कमी. कोण म्हणतं जुनी गोष्ट आहे.) तर काकूंचा शिरा खरंच चिखलासारखा दिसतो, काळपट, जाड, चमचा उभा राहील असा, बोटाला लागला की दुसऱ्या बोटाने पुसता येत नाही दोन्ही चिकटतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी तो पातळ सिरपसारखा मिळतो, ते चुकीचं. वरून बदामाचे काप आहेत पण थोडेच, चावताना मध्येच खडा लागावा तसे लागतात. सासूबाईंनी बोट चाटलं, मान हलवली आणि परत घेतला. यापुढे मी काय लिहू.

मारोरवर आमच्याकडे वाद झाला. नवरा म्हणाला हा कुठे कडू आहे, सँडविचमधलं पान आहे, कडूच पाहिजे तर कारलं द्यायचं ना. पण लेट्यूसच बरोबर आहे, तालमूदमध्येच (धर्मनियमांच्या जुन्या ग्रंथात) आहे ते, सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक, मिसरवाल्यांसारखं. मिसरमध्ये मोठा अधिकारी झालेल्या आपल्या योसेफाच्या काळात आपले लोक तिथे पाहुणे म्हणून गेले, दुष्काळ होता, राहायला चांगली जमीन मिळाली, मग योसेफाला न ओळखणारा नवा राजा आला आणि हळूहळू पाहुण्यांचे गुलाम कधी झाले कळलंच नाही. एकदम कोणी साखळी घातली नाही. काकूंनी पानं देठासकट पाठवलीत, देठ चावून बघा मग कळेल कडू आहे की नाही. नवऱ्याने चावला आणि गप्प बसला.

मटण छान, भात नॉर्मल. दोन्ही गरम आलं.

आता तक्रार. शरबत. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं, चव अगदी घरची, साखर नाही टाकलेली. पण बाटली एकच, १ लिटरची. अहो काकू, सेदेरला माणशी चार प्याले असतात. एक प्याला अगदी कमीत कमी धरला तरी ८६ मिली, चार माणसं म्हणजे एका फेरीला साडेतीनशेच्या आसपास, लिटरमध्ये तिसरी फेरीसुद्धा धड होत नाही, चौथीला तर काहीच उरत नाही. क्लोजिंग नुकतंच संपवून आलेल्या बाईला हा हिशोब सांगायला लागू नये. शिवाय देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडांची नावं घेताना प्रत्येकीला प्याल्यातला थेंब सांडायचा असतो, मुलाने थेंब थेंब ऐवजी रक्त, बेडूक, उवा करत चांगला घोट घोट सांडला, ते वेगळंच.

आणि अपुरं पडायचं ते नेमकं चौथ्याला पडावं! तोराच्या (आपल्या धर्मग्रंथाच्या) निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला चार गोष्टी सांगतो, मिसरच्या ओझ्याखालून काढीन, गुलामीतून सोडवीन, हात पुढे करून उद्धार करीन, आणि चौथी, तुम्हाला माझी प्रजा करून घेईन आणि मी तुमचा देव होईन. चार प्याले त्या चार वचनांचे. पहिली तीन सुटकेची आहेत, चौथं देवाशी कराराचं. म्हणजे आमच्या टेबलावर लोक सुटले पण करार होईना. सासूबाई शांतपणे उठल्या आणि फ्रीजमधून स्वतःच्या मनुकांचं भांडं काढून आणलं, आदल्या रात्रीच भिजत घातलेल्या. म्हणजे डब्यावर त्यांचा विश्वास किती होता ते बघा.

दुसरी तक्रार डब्यातल्या कार्डाची, आणि ती मला शरबतापेक्षा मोठी वाटते. लॅमिनेट केलेलं रंगीत कार्ड आहे, मराठीत, मुलांसाठी गोष्ट. टोपलीतला मोशे, जळतं झुडूप, पीडा, तांबडा समुद्र दुभंगला, फारोचं सैन्य बुडालं, समाप्त. समाप्त कसं? खरी मजा तर पुढे आहे. समुद्र ओलांडून तीन दिवस होतात न होतात तोच मारा नावाच्या ठिकाणचं पाणी कडू म्हणून कुरकुर, मग मिसरमधली मटणाची भांडी आठवायला लागली, पुढे तर काकडी, कलिंगड, कांदे, लसूण आठवून रडलेत लोक. गुलामीतून सुटलेली माणसं लगेच शहाणी होत नाहीत हे इतकं सरळ कुठे लिहिलेलं नसेल. तिसऱ्या महिन्यात सीनायला पोचले, दहा आज्ञा झाल्या, मोशेने कराराचं पुस्तक वाचून दाखवलं आणि लोक म्हणाले परमेश्वर बोलला ते सगळं करू आणि ऐकू. करू आधी, ऐकू नंतर! आणि मग मोशे चाळीस दिवस डोंगरावर काय गेला, इकडे कानातलं सोनं गोळा करून वासरू तयार. आज्ञांच्या दगडी पाट्या फुटल्या, परत नव्या घडवाव्या लागल्या. हे सगळं मुलांना आवडतं हो, माझ्याच मुलाने विचारलं मग पुढे कुठे गेले, आणि कार्ड तर संपलेलं.

फारोच्या हातून सुटून स्वतःच्या मर्जीचे मालक झाले, एवढीच गोष्ट असती तर आपण आज इथे नसतो असं मला वाटतं. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, हिब्रू विसरले होते, तोरा हातात नव्हती, तरी शनिवारी घाणा बंद, म्हणून गाववाले शनवार तेली म्हणायचे. शाब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता, शेमा (देव एकच अशी प्रार्थना) एवढं धरून ठेवलं. शनिवारची सुट्टी सुद्धा मिसरशीच जोडलेली आहे, तोराच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात सांगितलंय की तू गुलाम होतास ते आठव, म्हणून तुझ्या नोकराला पण विसावा दे. घाण्याच्या बैलाला पण, तोही त्याच आज्ञेत येतो. कार्डावर शनवार तेल्यांची एक ओळ टाकली असती तर ठाण्यातल्या पोराला गोष्ट आपली वाटली असती. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हिब्रू-मराठी हागादात (सेदेरला वाचायच्या पुस्तकात) साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करतायत असं चित्र आहे, आणि काकूंच्या कार्डावरचा मोशे मात्र नेटवरून उचललेला, कार्टूनमधला.

फोन करून दोन्ही सांगितलं. शरबताचं लगेच मान्य केलं, पुढच्या वर्षी दोन बाटल्या. कार्डाचं म्हणाल्या, भाच्याने केलंय, जागा संपली म्हणाला, उरलेलं शावूओथला दुधाच्या पदार्थांच्या डब्यात घालते. आता आयडिया वाईट नाही, शावूओथ पन्नासाव्या दिवशी, आज्ञा मिळाल्या तोच सण, पण पन्नास दिवस पोराला कुठे थांबवू.

पाचपैकी चार स्टार, चारातला दीड नुसत्या शिऱ्याचा. दोन्ही रात्री सेदेर करणार असाल तर आधी सांगा, दुसऱ्या दिवसाचं त्या आयत्या वेळी घेत नाहीत. घोडबंदरला डिलिव्हरीचे १५० वेगळे, आणि दुपारी चारच्या आत मागवा नाहीतर डबा माजिवड्याला अडकेल.