सहा एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. चालू झाल्यावर या मशीनबद्दल माझी फारशी तक्रार नाही. भानगड आहे ती चालू होण्याआधीची, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितोय.

मालवणजवळच्या देवबागला कर्लीच्या खाडीत आमची चौदा फुटी फायबरची होडी असते. गरी टाकायची, कधीमधी कुर्ल्यांना जाळं लावायचं, पाहुणे आले की फिरवायचं, एवढाच वापर. गेल्या दिवाळीनंतर तिच्यावर हे मशीन बसवलं. एक सिलिंडर, कार्ब्युरेटर, दोरीचा स्टार्ट, वजन पंचवीस-सव्वीस किलो, म्हणजे एकट्याला उचलता येतं. आधीच्या टू-स्ट्रोकच्या मानाने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट गेली, धूर गेला, आणि हळू चालवताना शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं. पूर्ण थ्रॉटलला तासाला दोन लिटरच्या आसपास पितं. दोघं आणि जाळं असेल तर ओहोटीच्या ओढीविरुद्धही जातं. चौघं बसले की मात्र दमतं.

मे अखेरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू व्हायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुढे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याचा भरवसा नाही, तोवर मशीन पडवीत स्टँडवर. नंतर होडीवर चढवलं आणि दोरी ओढून ओढून खांदा निघायची पाळी आली. चोक ओढला की पकडायचं, चोक आत ढकलला की घरघरून बंद. थ्रॉटल देऊन कसंबसं टिकवलं तर मात्र झकास पळायचं.

शहरातल्या एका मेकॅनिकने झाकण न काढताच सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेला म्हणून सांगितलं आणि असा भाव सांगितला की मी मशीन उचलून घरी आणलं. शेजारच्या जुन्या तांडेलाने लक्षणं ऐकली आणि म्हणाला, "मशीनीक काय्येक झालां नाय, आधी पेट्रोल बघ."

आणि तेच बरोबर होतं. स्पार्क गेला असता तर मशीन जोरात नीट पळालंच नसतं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठतं त्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. वर पिवळसर पेट्रोल, तळाशी पाण्यासारखा वेगळा थर, आणि वास जुन्या वॉर्निशचा. पंपावर आता ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. दुसरीकडे पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकटा राहतो. तो बसतो पायलट जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारक्या पितळी नळीत, जिचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. हळू चालताना पेट्रोल तिथूनच येतं, म्हणून चोकशिवाय मशीन टिकत नाही. थ्रॉटल वाढवला की मोठं मेन जेट काम करतं, म्हणून पळतं.

जेट काढून उन्हाकडे धरलं तर भोक दिसेचना. कार्ब क्लीनर फवारला, तसंच ठेवलं, मग सायकलवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा मारली. टाचणीच्या टोकाएवढा गोल उजेड दिसला तेव्हा परत बसवलं. तार मात्र घालू नका. जेट पितळी असतं, भोक मोठं झालं की मशीन कायमचं जास्त पेट्रोल ओढत राहतं.

पावसाळ्याआधीची सर्व्हिस मी विक्रेत्याकडेच करून घेतली होती. त्यांनी इंजिन ऑइल बदललं, गिअर ऑइल बदललं, बिलात दोन्ही लावलं आणि वाटी तशीच भरलेली ठेवली. याचा राग अजून आहे.

तुमचं मशीन अजिबातच पकडत नसेल तर आधी फुकटच्या गोष्टी बघा. लाल दोरीची सेफ्टी क्लिप जागेवर आहे का? (होडीवर लहान मुलं असली तर नसते.) टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? रबरी बल्ब बाण इंजिनाकडे ठेवून दाबा. घट्ट झाला पाहिजे. घट्ट होत नसेल तर नळीच्या जोडावरची ओ-रिंग हवा ओढते. मग पाच-सहा झटके मारून स्पार्क प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा स्पार्क नाही: प्लग पुसून बसवा, चोक आत ढकला, थ्रॉटल उघडा, पुन्हा दोरी ओढा. तरीही गप्प राहिलं तरच वायरिंगकडे वळा, आणि तिथेही पहिला संशय खाऱ्या हवेने हिरव्या पडलेल्या टर्मिनलवर घ्या, सीडीआयवर नाही.

फोर-स्ट्रोकची आणखी एक खोड. गाडीतून नेताना पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच आडवं करायचं. उलट्या बाजूवर टाकलं की ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं, मग दोरी जड लागते आणि चालू झालंच तर पांढऱ्या धुराचे लोट.

आता आठवडाभर वापर नसेल तर गोड्या पाण्यावर धुताना पेट्रोलची नळी काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, आणि वाटीतला उरलेला थेंबही स्क्रूने काढतो. तो स्क्रू कंपनीने अशा कोपऱ्यात बसवलाय की आखूड स्क्रूड्रायव्हरच लागतो आणि बोटं सोलतात. टाकीकडच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय. त्याच्या काचेत दर महिन्याला थोडं पाणी दिसतंच.

खाडीपुरतं हवं असेल तर मी हेच मशीन पुन्हा घेईन. संगमाच्या बाहेर, उघड्या समुद्रात जायचं असेल तर सहा एचपी कमी पडतात, तिथे मोठं बघा. आणि विक्रेत्याकडे कार्ब्युरेटरच्या गॅस्केटचा सेट शिल्लक आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. माझा यायला महिना लागला.