पत्र्याचा कूलर आणि आमच्या घराचे एक वर्ष

गेल्या एप्रिलमध्ये तालुक्याच्या बाजारातून हा पत्र्याचा कूलर आणला, तेव्हा धाकटी चार महिन्यांची होती. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि आमच्या टिनाच्या छपराखाली तर रात्री बारालाही भिंती तापलेल्या असतात. पहिल्या आठवड्यात घामोळ्यांनी रडणारी मुलगी वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या गार, सुगंधी हवेत सलग झोपली, तो दिवस मी विसरणार नाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत आजी, दोन्ही मुले आणि आम्ही दोघे एकाच खोलीत झोपत होतो, आणि थोरल्याला आजीच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या त्या त्याच काळात.

वारा भरपूर आहे, मात्र आवाज मोठा आहे. टाकीला सहा महिन्यांतच गंज धरला. आतून डांबर लावून घेतल्यावर गळती थांबली, पण हे काम विक्रेत्याने आधीच करून द्यायला हवे होते. मृग लागल्यानंतर हवेत ओल वाढते आणि ओल्या हवेत पाणी नीट वाफ होत नसल्याने कूलर केवळ दमटपणा वाढवतो, म्हणून आम्ही तो जूनअखेरीस बंद केला.

पत्र्याच्या कूलरला अर्थिंग अवश्य करून घ्यावे आणि पाणी भरताना पिन काढावी. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात, त्यामुळे टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करावी. यंदा ताट्या नव्या बसवल्या आहेत. धाकटी आता कूलरसमोर उभी राहून टाळ्या वाजवते, म्हणून पुढे लाकडी आडोसाही केला आहे.